गिटारचा सेल आणि शटरवरचा खडू

तिसऱ्या अंकात नायिकेचा भाऊ मरतो. तो पडला की ऑर्गन थांबतो, तबला थांबतो आणि माझी गिटार एकटी वाजते. चार-पाच स्वर, अगदी सावकाश. मग बहीण गाणं उचलते. त्या रात्री भाऊ पडला, ऑर्गन थांबला, तबला थांबला, मी तार छेडली आणि मंडपात काहीच आलं नाही. गिटार वाजली, पण मला आणि शेजारच्या तबलावाल्याला ऐकू येईल इतकीच. पावणेतीन वाजले होते. समोर चादरी पांघरून बसलेली सगळी माणसं गप्प. ऑर्गनवाल्या काकाजींनी दोन श्वासांत ओळखलं आणि माझे स्वर त्यांनीच वाजवून टाकले. लोकांना काही कळलं नाही. काकाजी मात्र पडदा पडल्यावर म्हणाले, "तुझी गिटार त भावाच्या अगोदरच मेली गा."

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू झाले की इथे गावोगाव नाटकं लागतात ती होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा वर जातो आणि उजाडायच्या सुमारास खाली येतो. बहुतेक नाटक कंपन्यांचा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. परशुराम खुण्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांनाही हा प्रकार कळला. मी त्यातलाच एक. दिवसा नागभीड तालुक्यातल्या आमच्या गावात मोटर बांधायचं दुकान चालवतो, म्हणजे शेतपंपाच्या जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग, आणि सीझनला एका कंपनीत गिटार वाजवतो. नाटकात गिटार काय करते असं विचारणारे अजूनही भेटतात. जे करते ते वर सांगितलं. भाऊ मेल्यावर वाजते.

गिटार नागपुरातून सेकंडहँड घेतलेली. दिसायला साधीच, लाकडी, मध्ये गोल भोक. पण कुशीला चार बटणं, एक ट्यूनर आणि सेलचा एक खण. हिला इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणतात. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली पिझोची एक बारीक पट्टी असते. तारेचा दाब कमी-जास्त झाला की ती वीज देते. पण ती वीज उन्हाळ्यातल्या आमच्या विहिरीसारखी. पाणी असतं, झरा बारीक असतो. दीड एचपीचा पंप टाकला की दोन मिनिटांत तळ दिसतो. पिझोची पट्टी सरळ मिक्सरला जोडली तर तेच होतं. आवाज पातळ, टिनासारखा, खर्ज नाहीसा. म्हणून मध्ये प्रीअँप बसवतात. तो झऱ्यातून थेंबथेंब घेतो आणि पुढे भरपूर जोरानं देतो. त्या प्रीअँपला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. आमच्याकडे त्याला 'माईकचा सेल' म्हणतात, कारण साउंडवाल्याच्या कॉर्डलेस माईकमध्येही तोच जातो.

पहिला सीझन मी गावातल्या दुकानातले तीस रुपयांचे सेल वापरले. कार्बन-झिंकचे. चार-पाच दिवसांत एक संपायचा. मी दुकानदाराला शिव्या द्यायचो, जुना माल ठेवतो म्हणून. तोही ऐकून घ्यायचा, कारण माल खरंच जुना असायचा. चांगला, जास्त टिकणारा अल्कलाइन सेल हवा तर ब्रह्मपुरी नाहीतर नागभीड गाठावं लागे. दुकान बंद करून बसनं जा, परत या, अर्धा दिवस गेला. आणि रात्री दोनला सेल संपला तर कोण कुठे जाणार? ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात रात्री दोनला मोटरसायकल काढायला सेलच काय, बायकोचं बाळंतपण असलं तरी माणूस आधी वाघाचा विचार करतो.

म्हणून पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला सांगून चार्ज होणारे दोन सेल आणि चार्जर मागवला. निकेल मेटल हायड्राइडचे, वर ८.४ व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर-तास (सेलात किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं. साडेतीनशेला एक, चार्जर सहाशे. वाटलं, मिटली कटकट. दुसऱ्याच रात्री भाऊ मेला.

सकाळी दुकानात आलो. एक मोटर उघडून ठेवली होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. मल्टिमीटर काढला. आयुष्यभर अँपिअर मोजत आलो, पण स्वतःच्या गिटारचे कधी मोजले नव्हते. सेलचं एक टोक काढून मध्ये मीटर घातला. पिन लावली: ४.२ मिलिअँपिअर. ट्यूनर चालू केला: १३. आवाजाचं बटण शून्यावर आणलं: ४.२. पिन काढली: शून्य. परत पिन लावली, केबलचं दुसरं टोक तसंच हवेत लोंबकळतंय: ४.२.

तेव्हा ट्यूब पेटली. या गिटारला वेगळं चालू-बंद बटण नाही. तिचा जॅक स्टिरिओ असतो आणि आपण लावतो ती पिन मोनो. मोनो पिनचा लांब दांडा जॅकमधल्या दोन पत्त्यांना एकत्र टेकतो आणि तिथून सेलची मायनस बाजू जोडली जाते. पिन हेच बटण. मिक्सरला केबल लावली आहे की बॅगेत गुंडाळली आहे, याच्याशी गिटारला देणंघेणं नाही. आणि माझी पिन एल आकाराची. पडदा पडला की केबल गुंडाळायची, पिन तशीच ठेवायची आणि बॅगेची चेन लावायची. एल पिन मावते ना व्यवस्थित! दुसऱ्या गावी पोहोचेपर्यंत, मग दिवसभर, मग रात्रभर ४.२ चालूच. चोवीस तासांत शंभर मिलिअँपिअर-तास. दोनशेचा सेल दोन दिवसांत साफ. चारशेचा कार्बन-झिंक चार दिवसांत. दुकानदाराचा माल जुना होता हे खरं, पण वर्षभर शिव्या मी चुकीच्या माणसाला दिल्या होत्या. जाऊन माफी वगैरे मागितली नाही. त्याच्याकडून एक बिस्किटाचा पुडा जास्त घेतला.

एक गोष्ट आणखी झाली. त्या दोन सेलांपैकी एक त्यानंतर कधी नीट भरलाच नाही. चार्ज होणाऱ्या या चौकोनी डब्यात आत १.२ व्होल्टचे सात छोटे सेल एका रांगेत असतात. सातही अगदी सारखे कधीच नसतात. पार निथळेपर्यंत वापरला तर सगळ्यात अशक्त जो असेल तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे सहा त्याला उलट्या दिशेनं भरायला लागतात. त्यात तो कायमचा जातो. साधा सेल संपेपर्यंत वापरावा, ही आपली बचतीची सवय. इथे तीच सवय साडेतीनशेला पडली.

मग पिनची शिस्त लावली. पडदा पडला की आधी पिन बाहेर, मग चहा. सात तासांच्या प्रयोगाला जवळजवळ ३० मिलिअँपिअर-तास लागतात, म्हणजे हिशोबानं सहा-साडेसहा रात्री निघायला हव्यात. मी निश्चिंत. आणि सहाव्या रात्री पहाटे चारला परत आवाज गेला. या वेळी फाटला आधी, जोरात वाजवलं की घरघर, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपला. गिटारवर लाल दिवा आहे ना, सेल उतरला की लागणारा? लागला. घरघर सुरू झाली त्याच सुमाराला.

या दिव्याचा राग मला बरेच दिवस होता. नंतर दुकानात सेलवर छोटा रेझिस्टर लावून दर तासाला व्होल्टेज लिहीत बसलो तेव्हा दिव्याचा दोष नाही हे कळलं. माझ्या गिटारचा दिवा सात व्होल्टच्या आसपास लागतो. साध्या नऊ व्होल्टच्या सेलात आत सहा छोटे सेल असतात. सहा जणांत सात व्होल्ट म्हणजे प्रत्येकी १.१७. त्या वेळी अल्कलाइनच्या पोटात अजून बरंच काही शिल्लक असतं. त्याचं व्होल्टेज पहिल्या तासापासून उतरत येतं, डोंगराच्या उतारासारखं, त्यामुळे दिवा लागल्यावरही एखादी रात्र निघते. चार्जवाल्यात छोटे सेल सात. सात जणांत सात व्होल्ट म्हणजे प्रत्येकी एक. आणि निकेलवाला एक व्होल्टला आला म्हणजे तो संपलाच. तो सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत एकाच पातळीवर चालतो आणि मग बांध फुटावा तसा कोसळतो. दिवा आधीच्या सेलाच्या स्वभावावर बसवलेला आहे, नव्याला तो ओळखत नाही.

मीटरवरही भरवसा ठेवू नये, हे सांगतो. निकेलवाला नुसता, काही न जोडता मोजला तर भरलेला आणि अर्धा रिकामा यात फारसा फरक दिसत नाही. चार्जरवरून ताजा काढलेला माझा सेल साडेनऊच्या वर दाखवतो, पाहून छाती फुगते, तासाभरात खाली येतो. म्हणून मी दिवा पाहत नाही आणि व्होल्टही पाहत नाही. रात्री मोजतो. चार रात्री झाल्या की सेल बदलला, लागो न लागो. दुकानाच्या शटरला आतल्या बाजूनं खडूनं रेघा मारतो. मोटरींची उधारीही तिथेच असते, त्यामुळे गिऱ्हाईक कधीकधी विचारतं, ह्या चार रेघा कोणाच्या नावावर?

मध्यंतरी लिथियमचा मोह झाला. पोटात मोबाइलसारखं भोक, केबल लावली की दोन तासांत भरतो, शेवटपर्यंत बरोबर नऊ व्होल्ट देतो, असं पाकिटावर लिहिलेलं. एका नटाकडे खेळण्यातल्या गाडीचा होता, तो घालून पाहिला. साउंड चेकला मिक्सरवाला म्हणाला, "दादा, मच्छर आहे का लाइनमध्ये?" खरंच डासासारखी बारीक किणकिण. त्यातल्या त्या विशिष्ट सेलात आत साडेतीन-पावणेचार व्होल्टचा एकच लिथियम सेल असतो आणि एक छोटं सर्किट त्याचे नऊ व्होल्ट करतं. ते सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, ते कानाला ऐकू येत नाही. पण माझी गिटार मागते फक्त चार मिलिअँपिअर. एवढ्याशा मागणीला ते सर्किट सलग चालत नाही, धापा टाकल्यासारखं चालतं-थांबतं, आणि त्या धापा नेमक्या ऐकू येणाऱ्या पट्टीत येतात. झऱ्याचा थेंबथेंब मोठा करायला बसवलेल्या प्रीअँपनं त्याही इमानेइतबारे मोठ्या केल्या. सगळे लिथियम असेच असतात असं नाही. काहींत दोन सेल रांगेत असतात आणि असलं सर्किट नसतं, ते शांत असतात, फक्त भरलेले ८.४ ला सुरू होऊन उतरत जातात. पण बाहेरून कोणता कोणता हे पाकीट सांगत नाही. विकत घेण्याआधी मागून आणून, मिक्सरला लावून, आवाज वर नेऊन ऐका.

काकाजींची सूचना याच्याही पुढची: पॉवर बँक लाव ना, मोबाइल दोनदा भरते! नऊ व्होल्ट करणारी केबल बाजारात मिळते, तीही आणली. वीस-तीस सेकंद सुंदर वाजली. मग पॉवर बँकेला वाटलं, कोणी काही पीत नाहीये, मोबाइल भरला असेल, आणि ती झोपली. परत बटण दाबा, परत तीस सेकंद. तेवढ्यात भाऊ मरूनही होत नाही.

आता चार्जरची गोष्ट, कारण ही बहुतेक शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. माझा पहिला चार्जर टायमरचा होता. हळूहळू, वीसेक मिलिअँपिअरनं भरायचं आणि चौदा-पंधरा तासांनी थांबायचं. कागदावर उत्तम. आमच्याकडे चौदा तास सलग लाइन राहते कधी? दुपारी अर्धा तास जाते, संध्याकाळी वारा सुटला की जाते, कधी नुसती डोळा मिचकावून येते. आणि लाइन गेली-आली की त्या चार्जरचा टायमर शून्यापासून सुरू. बारा तास भरलेला सेल आणखी चौदा तास भरत बसे. एकदा सकाळी हात लावला तर उकडलेल्या अंड्यासारखा गरम. आता चार्जर दुकानातल्या इन्व्हर्टरवर लावतो आणि सुरू केल्याची वेळ शटरवर. शिवाय दुसरा चार्जर घेतला, भरल्याचं व्होल्टेजवरून ओळखून थांबणारा. तरी वेळ लिहितोच. मोटर बांधणाऱ्या माणसाचा कोणत्याच आपोआप बंद होणाऱ्या गोष्टीवर विश्वास नसतो, त्या बंद झाल्या नाहीत म्हणूनच तर आमचं दुकान चालतं.

उन्हाळा हा वेगळा विषय. होळीला सीझन संपला, सेल भरून टिनाच्या छताखाली कपाटात ठेवले. १४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतांना वाजवायचं होतं. ब्रह्मपुरीचा पारा तुम्ही बातम्यांत पाहताच. त्या उकाड्यात महिनाभर पडलेला सेल न वापरताच बराचसा उतरला होता. निकेलचा तो स्वभावच, आणि गरमीत जास्त. नंतर कमी उतरणाऱ्या जातीचे सेल घेतले, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. ते वर्षभर पडले तरी बऱ्यापैकी भरलेले राहतात. छापील क्षमता थोडी कमी असली तरी मी तेच घेईन. आणि सीझन संपला की सेल गिटारमधून बाहेर काढायचा, मग तो कोणताही असो. पहिल्या वर्षीचा तीस रुपयांचा सेल मी जूनपर्यंत आतच विसरलो होतो. त्यातलं जस्त खाल्लं जाऊन आतलं पाणी खणात उतरलं, पितळी पत्त्या हिरव्या झाल्या. टूथब्रशनं घासून, एक पत्ती नवी डाख देऊन बसवली.

पैशांचं काय? गंमत इथेच आहे. पिन काढायची शिस्त लागल्यावर मला ४२ रात्रींच्या सीझनला साधे चार सेल पुरतात. एकशेवीस रुपये. अल्कलाइन घेतले तर तीन, सहाशेच्या आत. आणि मी चार्जवाल्यांत घातले सुरुवातीचेच तेराशे. तीस रुपयांच्या सेलाशी तुलना केली तर ते माझ्या हयातीत सुटतील, गिटारच्या सुटतील की नाही सांगता येत नाही. साउंडवाल्याचं गणित वेगळं आहे. त्याचा माईक माझ्या गिटारच्या कितीतरी पट करंट ओढतो, दर प्रयोगाला सेल बदलतो तो. त्याला मी पहिल्याच वर्षी सांगितलं, तू चार्जवाले घे. त्यानं आठ घेतले. पूर्वी त्याचे माईकमधून काढलेले अल्कलाइन मला मिळायचे, त्यात गिटार अजून आठवडाभर वाजायची. माझाच सल्ला मला महागात पडला.

मग मी का वापरतो? दुकानातला सेल किती वर्षं काचेत पडला आहे हे मला माहीत नसतं. माझा सेल मात्र मी मंगळवारी रात्री आठला लावला, बुधवारी काढला, हे शटरवर लिहिलेलं असतं. आणि ब्रह्मपुरीची बस वाचते. एक अल्कलाइन तरीही गिटारच्या बॅगेत असतोच, टोकांना चिकटपट्टी लावून. चिकटपट्टी विसरून एकदा सुट्ट्या पैशांबरोबर खिशात ठेवला होता. दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात याची, मांडीला चटका बसल्यावर पुरती खात्री पटली.

तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले एक आजोबा दुकानात येऊन बसतात. चार्जरवरचा सेल पाहून परवा म्हणाले, "महाराजांच्या खंजिरीले कोनता सेल लागे गा?" मी म्हटलं, बाबाजी, थंडीत दव पडलं की तुम्ही खंजिरी शेकोटीवर धरता ते काय असते? ते हसले. मग म्हणाले, "पन शेकोटीले लाइन लागत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाळीला भाचा आला होता. माझी गिटार घेऊन दोन दिवस वाजवली, छान वाजवतो. आज बॅग उघडली. एल पिन आतच. भाऊबीजेपासून आज सकाळपर्यंत मोजले, ६१ तास. शटरवर त्याच्या नावानं लिहून ठेवलंय, मोटरवाल्यांच्या उधारीच्या खाली. सेल चार्जरवर आहे. भरतो की गेला, ते उद्या कळेल.